गव्हाणीतली मुलगी

नाताळला आम्ही दरवर्षी कामतघरहून एष्टीनं ठाण्याला चर्चची रोषणाई बघायला जायचो. मी, तुळजा आणि आमची सहा वर्षांची गोदू. पंच्याहत्तर सालीही गेलो.

मी आणि तुळजा दोघंही कापडाच्या लूमवर कामाला. तिथल्या खडखडाटात आवाज पोचत नाही, म्हणून सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखतात. घरी मात्र आम्ही मोठ्यानं बोलायचो. गोदूला ओठांवरचं कळत नसे.

चर्चच्या अंगणात येशूजन्माची गवताची गव्हाण केली होती. आत मातीच्या मेंढ्या, मेंढपाळ आणि कोपऱ्यात मातीची एक मुलगी. वर लाल-हिरवे दिवे उघडमीट करत होते.

त्या मुलीचे ओठ हलले. दिवे विझून पुन्हा लागले, तेव्हा परत हलले. मी सवयीनं वाचले.

'बाबा, मला इथंच ठेवून चाललात?'

गोदू माझं बोट धरून उभी होती. मला भीती वाटली नाही. शिफ्ट सुटल्यावर कान बधिर होतात, तसं सगळं अंग झालं होतं.

तुळजाही तिकडेच बघत होती. गोदूच्या डोक्यावरून, आवाज न काढता तिनं विचारलं, 'मीपन वाचलं. काय करायचं?'

'ठाव न्हाय,' मीही नुसते ओठ हलवले.

गोदूनं मान वर केली. आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. आणि आवाज न काढता, सावकाश ओठ हलवले.

'मागं बघू नका. एष्टी सुटंल.'