ट्यूनर बिघडला तेव्हा

पुढच्या थपडेला तिचं डोकं रेडिओच्या कोपऱ्यावर आपटलं, कानातलं तुटून कुठेतरी उडालं आणि रेडिओ गप्प झाला.

नवऱ्याचा हात वरच राहिला. कानठळ्या बसवणारं गाणं ओळीच्या मधेच बंद पडलं आणि घर एकदम शांत झालं. त्या शांततेला तो घाबरला. त्यानं तिचे केस सोडले.

"बाळ, आधी रेडिओ बघ," सासूबाई म्हणाल्या. त्यांची बोटं अजून आवाजाच्या बटणावर होती. "मग काय ते कर."

या घरात हे ठरूनच गेलं होतं. लेकाचा पारा चढला की सासूबाई हातातलं काम टाकून उठायच्या आणि रेडिओ मोठा करायच्या. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेला जुना, वजनदार स्टिरिओ रिसीव्हर होता तो, भिंती हादरवायचा. शेजारीपाजारी या माणसांना गाण्यांचे शौकीन समजायचे. कधी कुणी आवाज कमी करा म्हणून सांगायला आलंच, तर सासूबाई गोड हसून माफी मागायच्या. टीव्हीवरही भागलं असतं, पण तो बिचारा नवऱ्यानंच फेकलेल्या इस्त्रीनं जिवानिशी गेला होता.

नवऱ्यानं स्क्रू काढून वरचं जाळीचं झाकण उचललं. असल्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे तिलाही मान्य करावं लागलं असतं.

"बॅटरी धर," तो म्हणाला.

तिनं धरली. मानेवर ओघळलेलं रक्त तिनं खांद्यालाच पुसलं.

त्यानं मागच्या खोबणीत तारेचा तुकडा घालून बोट लावलं. स्पीकर गुरगुरले. "अ‍ॅम्प्लिफायर जिवंत आहे. ट्यूनरच मेलाय." मग काटा पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. दोरी शाबूत, चाक शाबूत, स्टेशन मात्र एकही लागेना. "कुठेतरी टाका सुटलाय. डोकं कुठे आपटावं एवढीसुद्धा अक्कल नाही तुला." त्यानं सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

तिला दिसलं. काटा फिरवला की पातळ पात्यांचे दोन जुडगे एकमेकांत शिरायचे, त्यानंच स्टेशन लागायचं. त्या पात्यांच्या फटीत तिचं कानातलं अडकलं होतं. जाळीतून थेट आत. एवढ्याशा धातूनं ट्यूनरची बोलती बंद केली होती. तिनं बॅटरी हळूच बाजूला सरकवली. जोवर हे सापडत नाही, तोवर मार नाही, इतका साधा हिशेब होता.

एक टाका तपासून झाला, दुसरा झाला. नवऱ्याच्या कपाळावर घाम आला.

"अंधारात ठेवतेस का मला? पात्यांवर धर!"

तिचा हात हलला नाही. त्यानं तापलेलं आयर्न तिच्या मनगटाला टेकवलं. कातडी चुरचुरली. तिनं खालचा ओठ दातांत धरला, तो फाटला, पण तोंडातून हूं की चूं निघालं नाही. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं होतं, त्याची काही गरज नव्हती. रेडिओ बंद असताना ओरडायचं नाही, हे तिच्या पार अंगवळणी पडलं होतं. कुणी सांगितलंही नव्हतं. इतके दिवस आपणच यांचं झाकत आलो, हे तिला आत्ता कळलं आणि भाजलेल्या मनगटापेक्षा तेच जास्त झोंबलं.

पण चटक्यानं बॅटरी कलली होती. उजेड पात्यांवर पडला आणि कानातलं चमकलं.

नवरा हसला. "आई, सापडला चोर!" त्यानं चिमटा उचलला आणि मग हसू आवरून तिच्याकडे पाहिलं. "तुला दिसत होतं हे. मघापासून दिसत होतं. थांब, हा बोलायला लागू दे. मग बघतो तुझ्याकडे."

सासूबाईंनी आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवून तयार ठेवलं.

चिमटा कानातल्याला लागायच्या आत ती ओरडली. बेंबीच्या देठापासून ओरडली. बॅटरी हातातून पडली, चिमटा घरंगळत टेबलाखाली गेला.

"अगं, मी हात तरी लावला का तुला आत्ता?" तो खरोखरच गोंधळून म्हणाला.

ती ओरडतच राहिली. त्यानं तिला भिंतीवर रेटलं आणि तोंड दाबलं. ती त्याच्या तळहाताला कडकडून चावली, दात हाडापर्यंत गेले तरी सोडलं नाही. आता तोही ओरडायला लागला. सासूबाई "हळू, अरे हळू" करत दोघांभोवती फिरत होत्या. खाली-वर दारं उघडली, जिन्यात चपला वाजल्या आणि दारावर थापा पडल्या.

सासूबाईंनी पदर नीट केला, चेहरा नीट केला आणि दार अर्धंच उघडलं. बाहेर समोरच्या काकू होत्या, त्यांच्यामागे वरच्या मजल्यावरची दोन माणसं.

"काय झालं हो?" काकूंनी विचारलं.

"काही नाही, काही नाही." सासूबाई गोड हसल्या. "रेडिओ बिघडलाय आमचा."

ती सासूबाईंना बाजूला सारून दारात येऊन उभी राहिली. कान फाटलेला, ओठ फाटलेला, हनुवटीवर रक्त, त्यातलं थोडं नवऱ्याचं.

"हो काकू, बिघडलाय," ती म्हणाली. "म्हणून तर आज तुम्हाला ऐकू आलं."