हौश्याची शेपूट

हिरीनं पांढरा केस तोंडात घालून थुंकीनं भिजवला, एक टोक दातात धरलं आणि दुसऱ्यानं गळाच्या दांडीला वेढे द्यायला लागली. वर कोंबड्याचं तांबडं पीस बांधलं, की झाली माशी. वलवणच्या तळ्यावर मासे धरणारा पारशी साहेब असल्या खोट्या माश्यांसाठी कुरवंड्याला त्यांच्या घरापर्यंत चढून यायचा. मासा फसायचा म्हणे. साहेब तर फसायचाच!

"ओठाखाली लय खाजतंय," ती म्हणाली.

कान्हूनं वाकून बायकोचं तोंड पाहिलं. कालची तांबडी पुळी आज मधोमध काळी पडली होती. "डास चावला असंल. नख लावू नको," म्हणाला आणि पुढचा केस निवडून दिला. केस लागायचा तो घोड्याचाच. घोडीची शेपूट मुतानं भिजते, तिचा केस ऐन वेळी तुटतो. लोणावळ्यात भाड्यानं घोडी फिरवणारा भिमाजी आपल्या हौश्याचे दहा-वीस केस राजीखुशीनं द्यायचा. पण गेल्या गुरुवारी हौश्या मेला. खड्डा खणून होईपर्यंत तो वाटेकडेला पडून होता, आणि कान्हूला मोह आवरला नाही. त्यानं विळ्यानं सबंध शेपूट उतरवली. मेल्या घोड्याला काय करायची शेपूट?

"अगं बया, भिमाजीदादा!" हिरीनं केसांचं सूप पदराखाली घेतलं आणि ती आत पळाली.

भिमाजी आला तोच शिव्या देत. "चार दिस हुडकतोय! कुण्या मुडद्यानं माझ्या हौश्याची शेपूट कापली रं? माती द्यायला गेलो तर नुसता बुंधा! लेकरागत वाढवलं हुतं त्याला. सापडू दे, हात तोडून चौकीवर नेतो का न्हाई बघ!"

कान्हूनं समोरची पिसं गोळा करायला घेतली. "मला न्हाई ठावं, दादा."

भिमाजी ओट्यावर टेकला. दम खाऊन हळू आवाजात बोलायला लागला. त्याच्या शिव्या परवडल्या असत्या.

"नाकातनं काळं रगत येत हुतं त्याच्या. मेल्यावरबी थांबंना. काल ढोरांच्या डाक्टरला सांगितलं, तर त्याचं त्वांडच उतरलं. फाशीचा रोग म्हणला. केसात, कातड्यात ऱ्हातो, माणसालाबी धरतो. आदी पुळी येती, मंग मधी काळी पडती. दुखत न्हाई ना, म्हणून माणूस हयगय करतं. लगोलग सुया घेतल्या तर वाचतं. न्हाईतर..." त्यानं पुढचं गिळलं. "हात तोडीन म्हणलो ते रागानं रं. कोन हाय ते कळलं तर धाड त्याला दवाखान्यात."

कान्हू आतल्या दाराकडं बघत राहिला. भिमाजी उठला, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि उताराला लागला.

तो वळणावर पोचला तेव्हा कुठं कान्हूच्या अंगात बळ आलं. हाक मारायला तो उठला, तोच हिरीनं मागून येऊन त्याच्या तोंडावर हात दाबला. आत तिला शिव्या तेवढ्या ऐकू गेल्या होत्या.

"गप ऱ्हावा," ती कुजबुजली. "हात तोडत्याल तुमचा."

त्यानं तिचा हात ओढून काढला. "हिरे, ती पुळी..."

"तिचं काय घिऊन बसलाय?" हिरी हसली. तिनं बोट पुळीवर ठेवून चांगलं दाबून दाखवलं. "ही बघा. जरा बी दुखत न्हाई."