काशिनाथभाऊंच्या हातची गाडी

"अहो, राजेळीची फणी कुठे गेली?" सुमनने ओटीवरून विचारले.

काशिनाथ अंगणात गोणपाट अंथरून मोटारीखाली उताणा पडला होता. "गाईला घातली," तो तिथूनच म्हणाला. "केळी काळी पडली होती."

"उन्हात वाळवून सुकेळी करायला ठेवली होती मी. लीला आली की आधी तीच मागेल."

"वाडीत केळी काय थोडी आहेत?"

सुमन आत गेली. काशिनाथने मनगटापर्यंत चिकट झालेला हात गोणपाटाला पुसला आणि बूच घट्ट आवळले.

गेली चौदा वर्षे त्या फिकट निळ्या मोटारीला काशिनाथवाचून अन्य कोणाचा हात लागला नव्हता. सातवीतून शाळा सुटलेला हा मनुष्य. परंतु रद्दीत मिळालेल्या एका जुन्या पुस्तकातील आकृत्या पाहून त्याने तिची नस न् नस ओळखली होती. पॉइंट काजळले की तो ते काचकागदाने घाशी. कार्बोरेटरमधला कचरा तोंडाने फुंकून काढी. रेडिएटर पाझरू लागला की सुमनच्या डब्यातली मूठभर हळद त्यात सोडी. पेट्रोलच्या टाकीला पडलेले छिद्र त्याने कपड्याच्या साबणाने बुजवले होते. लहानपणी लीला बॅटरी धरून शेजारी बसायची आणि मागेल तो पाना अचूक हातात द्यायची. काशिनाथभाऊंच्या हातची गाडी वाटेत दगा द्यायची नाही, असे उमेळे गावात जो तो म्हणे.

त्र्याऐंशी सालच्या दसऱ्यापासून मात्र मागच्या अ‍ॅक्सलमधून कुत्रे विव्हळावे तसा आवाज येऊ लागला. ते काम पुस्तकाच्या पलीकडचे होते. आयुष्यात प्रथमच तो गाडी घेऊन वसई रोडला सॅन्टन मेस्त्रीकडे गेला.

सॅन्टनने कान लावून ऐकले. "आतल्या चाकांचे दाते गेले, काशिनाथभाऊ. नवीन घाला, नाहीतर भंगारात द्या."

"विकायची म्हटली तर?"

"हा आवाज ऐकून कोन घेल? हां, लबाड लोक पिकलेली केळी नाहीतर लाकडाचा भुसा भरतात आत. मग शंभरेक मैल गाडी मांजरीसारखी गुपचूप चालते. त्यानंतर दाते अडकतात आनि मागची चाकं जागच्या जागी धरतात. सपाटीवर निभावतं. उतारावर धरली, तर येशूचं नाव घ्यायलाही वेळ मिलत नाय." तो हसला. "तुमची केळीची वाडी हाय म्हनून सांगत नाय हां."

काशिनाथही हसला होता.

लीलाचे हे पहिले बाळंतपण. ते माहेरी व्हायचे, आणि घरात बाळंतिणीजोगी खोली नव्हती. पडवीचे पत्रे गळत होते, खाली मातीची जमीन. गाडी चांगल्या भावाने गेली, तरच ती खोली उभी राहणार होती.

"विकू नका," सुमनने एकदा म्हटले होते. "जव्हारला सासरी जाऊन तिला आणायची आहे. सातव्या महिन्यात घाटातले ते यष्टीचे धक्के. जावईबापूंची लाकडाची वखार त्यांना सोडत नाही, मग आणणार कोण?"

"मी माझ्या मुलीला या गाडीत बसवून घाट उतरणार नाही."

"का? गाडीत काही आहे का?"

"जुनी झाली," एवढेच काशिनाथ म्हणाला.

केळ्यांची फणी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आले. सातिवलीचा अँथनी, चाळिशीचा गृहस्थ. त्याच्या शर्टावर लाकडाचा भुसा होता. ती युक्ती या माणसाला ठाऊक असणार. काशिनाथने आपणहून बॉनेट उघडले. अँथनीने आत डोकावलेसुद्धा नाही.

"चालवून तरी बघा."

"नको. ज्यांच्यासाठी घेतो त्यांनी बजावलंय, काशिनाथभाऊंच्या हातची गाडी आहे, तपासायची नाही. घासाघीस पण करायची नाही."

"कोण ते?"

"आहेत एक. तुम्हाला मानतात." अँथनी मिशीतल्या मिशीत हसला. "मीच आपला विचारतो. गाडीत काही खोट?"

मागच्या काचेवर लीलाने लहानपणी चिकटवलेले फुलपाखराचे चित्र अर्धेमुर्धे उरले होते. काशिनाथ क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला.

"खोट कसली?" तो म्हणाला. "तुमच्या सातिवलीच्या रस्त्यावर दहा वर्षं पळेल."

गाडी फाटकाबाहेर पडली, तेव्हा टायरखाली पाचोळा चुरडल्याचा तेवढा आवाज आला. त्या दिवशी काशिनाथला जेवण गेले नाही. त्याने मनाची समजूत घातली. सातिवलीला ना घाट ना उतार. फार तर गाडी बंद पडेल, चार शिव्या बसतील. परक्या माणसाच्या शिव्या किती दिवस टिकतात?

तीन आठवड्यांत पत्रे बदलले, लाद्या बसल्या. लीला गुरुवारी यष्टीने यायची होती. सोमवारी काशिनाथ नव्या खोलीला चुन्याचा शेवटचा हात देत होता, तेव्हा पोस्टमन पत्र टाकून गेला. सुमन दारात उभी राहून ते मोठ्याने वाचू लागली.

"तीर्थरूप आईबाबांस लीलाचा शिरसाष्टांग नमस्कार. मला यष्टीने पाठवायचे यांच्या जिवावर आले, म्हणून यांनी गाडी घेतली आहे. कोणाची ते बाबांनी ओळखावे. बाबांनी जावयाचा पैसा घेतला नसता, म्हणून यांनी वखारीचे गिऱ्हाईक अँथनी यांना पुढे केले. राग मानू नये. आल्यापासून गाडी झाकून ठेवली आहे, मला आणण्यासाठीच बाहेर काढणार. हे म्हणत होते, एकदा मेस्त्रीला दाखवू. मी म्हटले, खोट असती तर बाबांनीच सांगितली असती. गुरुवारची वाट पाहू नका. सोमवारी पहाटे निघतो, घाट उतरून अकरापर्यंत घरी पोचतो."

काशिनाथच्या हातातला कुंचला बादलीत पडला.

"सोमवार म्हणजे आजच की," सुमन म्हणाली आणि तिने घड्याळाकडे पाहिले. "अहो, दोन वाजून गेले."