वाळू तापली तेव्हा

किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची राखण करणारा तो माणूस त्या दिवशी भलताच खुशीत होता. यंदा कुत्र्यांनी एकही घरटं उकरलं नव्हतं, आणि पहिल्या घरट्यातली झाडून सगळी पिल्लं समुद्रात गेली होती. संशोधक बाईंनी मात्र त्या घरट्यात पुरून ठेवलेला तापमापक बाहेर काढून पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाई, सगळी सुखरूप गेली की!"

"गेली हो. पण कासवाच्या अंड्यात नर वाढणार की मादी, ते वाळूची ऊब ठरवते. वाळू इतकी तापली की माद्याच माद्या. दरवर्षी हेच चाललंय. उद्या त्या इथंच अंडी घालायला येतील, पण नरच नसले तर त्यातून निघणार काय?"

ताज्या घरट्यांवर त्याने गवताचा मांडव घातला, आणि विहिरीवरून बादल्या वाहून वाळूवर पाणी शिंपडायला लागला. तोंडाने पुटपुटणं चालूच होतं, "देवा, थोडे तरी नर होऊ देत."

डबा घेऊन आलेली बायको ते ऐकत उभी राहिली.

"आपल्या तिसऱ्या लेकीच्या वेळी सासूबाई असंच पुटपुटायच्या," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही त्यांच्याशी अबोला धरला होता."

तो ओशाळून हसला. तिने डबा सावलीत ठेवला, पदर खोचला आणि रिकामी बादली उचलून ती विहिरीकडे निघाली.