राजोडीच्या रस्त्यावरचा आवाज

धनेशनं मोटारसायकलचं इंजिन खोलून, सिलिंडर बोअर करून मोठा करून तिला पार शर्यतीची केली होती. आता पेट्रोल सोडणारं कार्बोरेटरचं जेट तेवढं जुळायचं होतं.

“ही शेवटची चक्कर हं,” बाळाला कडेवर घेऊन संपदा अंगणातून म्हणाली. “नाहीतर यालाच टाकीवर बसवून देईन!”

“अगं, परत येताना फुल रेसमध्येच इंजिन बंद करतो, प्लगच्या रंगावरून जेट जुळलं का ते बघतो आणि गाडी ढकलत आणतो. आवाज थांबला म्हणून घाबरू नकोस.”

तो राजोडीच्या रस्त्याला लागला. तो सुखरूप परतेपर्यंत संपदाचा सगळा जीव कानांत गोळा व्हायचा. गिअर चढत गेले, दूरवर वळण झालं. आता आवाज थांबेल, मग थांबेल. पण तो थांबेना.

तेवढ्यात धनेश गाडी ढकलत फाटकातून आत आला. गाडी स्टँडला लावून त्यानं खिशातला प्लग तळहातावर धरला. “बघ, कसा कॉफीच्या रंगाचा झालाय! जमलं एकदाचं.”

रस्त्यावर तोच आवाज अजून चालू होता. आता घराकडे येत होता.

“ती कुणाची रे गाडी?”

“कुठली गाडी?” हसत धनेशनं बाळाला घ्यायला हात पुढे केले.

एरवी बापाकडे झेप घेणारं बाळ जागचं हललं नाही. आवाज फाटकाशी येऊन थांबला, तेव्हा कुठे ते खुदकन हसलं आणि धनेशच्या खांद्यावरून पलीकडे त्यानं दोन्ही हात पसरले.