रिकामी हाक

हे लिहिणारच नव्हतो. धैर्या म्हणाला, "म्हशीचं काय लिवतोस, अल्बमचं लिव." पण अल्बमचं लिहायला बसलं की म्हसच मधी येते. म्हणून टाकतो लिहून.

दिवाळीचा पाडवा तोंडावर आलेला. कसबा बावड्यात धैर्याच्या गोठ्यात सकाळच्या धारा नुकत्याच झालेल्या. धैर्यानं बादली पालथी घातली, वर ब्लूटूथ स्पीकर ठेवला. रॅपचा ग्रुप फुटल्यावर हा त्याचा पहिला एकट्याचा अल्बम. रॅप तर हायच, पण रॉकची गिटार हाय, हलगी हाय, आणि शेवटचं गाणं ब्लूज. मिक्सिंग माझं, यूट्यूब बघून शिकलेलं. शेवटचं गाणं त्या दिवशी संध्याकाळी ऑनलाइन सोडायचं ठरलेलं. त्याआधी आण्णांनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, ते एकदा पूर्ण ऐकावं एवढंच धैर्याचं म्हणणं.

आजवर आण्णांनी लेकाचं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. "कुनासंगं भांडालाईस?" एवढं विचारायचे आणि उठून जायचे.

गिटार सुरू झाली. सावकाश. ब्लूजमध्ये एक माणूस हाक मारतो आणि गिटार त्याला ओ देते. आमच्या गाण्यात हाक आण्णांची. त्यांच्या लाडक्या म्हशीला, हरणीला मारलेली. उन्हाळ्यात मी ती इथंच रेकॉर्ड केलेली, तेव्हा आण्णांनी आधी मुठीत पेंड घेतली. मी म्हटलं, "आण्णा, नुसती हाक चालंल की." तर म्हणाले, "न्हाय. जनावराला रिकामी हाक मारायची न्हाय."

स्पीकरमधनं आवाज आला. "हरणेऽऽ, येऽ, येऽ, येऽ..."

हरणीनं मान वर केली. दावं सोडलेलंच होतं. सरळ चालत स्पीकरपाशी आली, हुंगलं, चाटलं आणि माघारी गेली.

आण्णा हसले.

"माजा आवाज व्हय रं ह्यो?"

"मग कुनाचा?"

"लै लांबनं आल्यागत वाटतोय की. परत लाव."

धैर्यानं परत लावलं. आण्णांनी शेजारच्या चिमणाकाकूंना हाक दिली, "काकू, या की हिकडं. मी गान्यात हाय."

काकू हातातला झाडू तसाच घेऊन आल्या. ऐकलं. म्हणाल्या, "बाळासो, पोराला आजवर शिव्या घातलासा, आन आता त्येच्याच गान्यात घुसलासा व्हय."

"परत लाव रं. काकूंनी सुरवात ऐकली न्हाय."

परत. मग अजून परत. हरणी आली, हुंगलं, गेली. एकदा अर्ध्यातच थांबली. मग जाग्यावरनं नुसता कान हलवला. मग तोही नाही. कुणाचं लक्ष होतं तिकडं? धैर्या वडलांच्या तोंडाकडं बघत होता, मी धैर्याच्या.

शेवटी आण्णांनी गाणं पहिल्यापासनं शेवटपर्यंत ऐकलं. न उठता.

"ह्यात भांडान न्हाय," म्हणाले.

धैर्यानं शर्टाच्या बाहीनं स्पीकर पुसला. मग बादलीपण पुसली.

आण्णांनी गाडीची किल्ली घेतली. पाडव्याला म्हशी नटवून रस्त्यावर पळवतात. गर्दी, शिट्ट्या, सायलेन्सर काढलेल्या गाड्या, आणि त्या सगळ्यात मालकाच्या हाकेवर म्हस गाडीमागं सुटते. हरणी कधी चुकलेली नाही. त्याची तालीम रोज चाललेली. आण्णांनी किक मारली, गाडी फाटकाजवळ नेली आणि हाक दिली.

"हरणेऽऽ, येऽ, येऽ, येऽ..."

हरणी बसलेली. रवंथ करत होती. करतच राहिली.

त्यांनी परत हाक दिली. गळ्याच्या शिरा दिसल्या. हरणीनं शेपटीनं माशी हाणली.

काकूंनी झाडू दुसऱ्या हातात घेतला आणि हळूच आपल्या घराकडं वळल्या.

आण्णांनी गाडी बंद केली. आधी स्पीकरकडं बघितलं. मग स्वतःच्या हाताकडं. हात मोकळाच होता.

"माज्याच ध्यानात आलं न्हाय," म्हणाले.

"आण्णा, काढतो मी ती हाक," धैर्या घाईनं म्हणाला. "गान्यातनं काढूनच टाकतो."

"आता काढून काय हुतंय? ऐकली तिनं. आन गान्यात बरी हाय ती. ऱ्हाऊ दे."

पोत्यातनं त्यांनी मूठभर पेंड घेतली. हरणीसमोर जाऊन उकिडवे बसले. हाक मारली नाही. नुसती मूठ उघडून धरली.

"हाक ऱ्हाऊ दे बाई. मीच येतो म्हन की तुज्याकडं."

तिनं लगेच तोंड लावलं नाही. आण्णा हात तसाच धरून बसले. खूप वेळानं तिनं खाल्लं, दुसरीकडं बघत.

मी लॅपटॉप घेऊन बाहेर पडलो. धैर्या फाटकापर्यंत आला.

"अभ्या, पोरं हे गाडीवर लावत फिरनार. हितनंच जानार, हरणीच्या कानावरनं."

"व्हय."

"लोकास्नी आजची सांज सांगितलीया आपन."

"व्हय, सांगितलीया."

तो गोठ्याकडं बघत राहिला. वर्षभर घासलेलं गाणं. थांब म्हणवत नव्हतं त्याला, ऑनलाइन सोड म्हणवत नव्हतं. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि चेन ओढली.

"धैर्या, आण्णांच्या तोंडच्या हाकंवर हरणी गाडीमागं सुटल्याबिगर मी हे गानं सोडत न्हाय. ह्या पाडव्याला न्हायतर फुडच्या."