नववं कलम

हंगामातल्या शेवटच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, नाहुएलनं मारलेली पेनल्टी खांबाला लागून परत आली आणि आमचा फुटबॉल क्लब खालच्या विभागात गेला. टीव्हीकडून येणारे पैसे आटले. तिकीटखिडकीवर वीस वर्षं बसणाऱ्या एल्विराबाईंसकट अकरा जणांची नोकरी गेली.

नाहुएलच्या करारात मात्र नववं कलम होतं: क्लब खाली गेला, तर खेळाडू मोकळा. मेक्सिकोहून त्याला दुप्पट पगाराचं बोलावणंही आलं.

"जा बाबा," क्लबचे अध्यक्ष एव्हारिस्तो म्हणाले; त्यांना सगळे मानानं 'डॉन' म्हणत. "इथं राहिलास तर निम्माच पगार मिळेल."

"गेलो तर सगळे म्हणतील, सुटका व्हावी म्हणून मुद्दाम खांबावर मारली."

"लोकांचं काय घेऊन बसलास?"

"माझी आई याच गल्लीत राहते, डॉन."

त्यानं निम्म्या पगारावर तीन वर्षांसाठी सही केली. नव्या करारात नववं कलम नव्हतं.

त्या रविवारी आईनं त्याला निखाऱ्यावर भाजायला बरगड्या आणायला पाठवलं. खाटकाच्या दुकानात रांग होती. पुढे उभ्या असलेल्या एल्विराबाईंनी मागे वळून पाहिलंच नाही. त्या खाटकाला सांगत होत्या,



"मेक्सिको सोडून निम्म्या पगारावर कोण राहतं हो? मुद्दामच चुकवली त्यानं. आता मन खातंय, म्हणून राहिलाय."